किल्ली कोणाकडे आहे? : घरातल्या सेन्सरांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या सुरक्षिततेविषयी लिहिताना घरात बसवायच्या सेन्सरांचा उल्लेख ओझरता आला होता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नेमकी त्याविषयीच असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्या विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत. व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून माझे काम नागपुरातील घराघरांत जाऊन, तिथे राहणाऱ्या माणसाला उठताबसताना, आंघोळ करताना, स्वयंपाक करताना काय अडते ते पाहण्याचे आहे. पुढील उत्तरे त्याच अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असून प्रतापनगरातील घरी एकटी राहते. मी पुण्यात नोकरी करतो. सीताबर्डीतील एका दुकानदाराने हालचाल ओळखणारे, दाराला लावायचे व गादीखाली ठेवायचे सेन्सर आणि गळ्यात घालायचे बटण असा संच सुचवला आहे. आई पडली तर तुम्हाला लगेच कळेल, असे तो सांगतो. हा संच घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संच घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. रात्री अडीच वाजता आपल्या मोबाइलवर सूचना आली की आई न्हाणीघरात जाऊन पाऊण तास झाला आहे, आणि ती फोनही उचलत नाही. तर पुढच्या दहा मिनिटांत प्रतापनगरच्या त्या दाराशी कोण पोहोचणार आहे, आणि दाराला आतून कडी असेल तर ते कसे उघडणार आहे? पुण्याहून नागपूर सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. आपल्याला कळले म्हणजे आईला मदत मिळाली असे होत नाही, आणि दुकानदार जे विकतो आहे ते फक्त कळण्यापुरते आहे.

पडण्याचे गांभीर्य मी मुळीच कमी लेखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. मात्र उतारवयात हाड मोडण्याइतकाच मोठा धोका असतो तो उठता न आल्यामुळे जमिनीवर पडून राहण्याचा. तासाभराहून अधिक काळ एकाच कुशीवर दाबल्या गेलेल्या स्नायूंना इजा होऊन त्यांतील घटक रक्तात उतरतात व मूत्रपिंडांवर ताण येतो, त्वचेवर दाबाच्या जखमा होऊ लागतात, शरीरातील पाणी कमी होत जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या माणसाला उष्माघाताचीही भीती असते. पडल्यापासून मदत येईपर्यंतचा हा अवधी कमी करणे, हेच या साधनांचे खरे काम आहे.

गळ्यातल्या बटणावर मात्र भिस्त ठेवू नये. केंब्रिज परिसरातील नव्वदीपुढच्या ज्येष्ठांचा एक अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला होता. पडल्यानंतर बराच वेळ जमिनीवर राहावे लागलेल्या बहुतेक प्रसंगांत मदतीसाठीचे बटण उपलब्ध असूनही ते दाबले गेले नव्हते, असे त्यात आढळले. काहींना ते घालायची सवयच लागली नव्हती, तर काहींनी जाणूनबुजून दाबले नाही. आपल्याकडे ‘कशाला कोणाला त्रास’ हा विचार त्याहून कमी नाही, शिवाय घड्याळ किंवा असले यंत्र आंघोळीला जाताना काढून ठेवण्याचीच आपली रीत आहे, आणि ओली फरशी नेमकी न्हाणीघरातच असते. म्हणून बटण घेतलेच तर ते पाण्यात चालणारे असावे, आणि दुसरे एक बटण न्हाणीघराच्या भिंतीवर, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतक्या खाली पक्के बसवावे. बहुतेक घरांत ते उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवलेले मला दिसते, जिथे ते पडलेल्या माणसाच्या काहीही उपयोगाचे नसते.

बाकीचे सेन्सर ‘पडली’ असे सांगत नाहीत. रोज घडणारी एखादी गोष्ट आज घडली नाही, एवढेच ते सांगतात, आणि तेवढे पुष्कळ असते. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. एकात चुंबक असते आणि दुसऱ्यात चुंबक जवळ-दूर होताच जुळणारा किंवा सुटणारा बारीक संपर्क असतो. दार उघडले की तेवढी नोंद मोबाइलवर जाते. जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ साली अशी विजेची किटली बाजारात आणली की ती केव्हा वापरली गेली हे दूर राहणाऱ्या मुलांना ई-मेलने कळत असे. आईने सकाळी चहासाठी पाणी घेतले, एवढाच तो निरोप, आणि मुलांना बहुतेक वेळा तेवढाच हवा असतो. आपल्या घरी चहा गॅसवर होत असेल तर दाराचा हाच साधा सेन्सर चहा-साखरेचे डबे असलेल्या कपाटाला किंवा फ्रिजच्या दाराला लावता येतो. रोज सहाला उघडणारे कपाट आठ वाजेपर्यंत उघडले नाही तर आपण आईला फोन करायचा.

या साधनांनी प्रत्यक्षात किती फरक पडतो याविषयी दोन वेगवेगळे अनुभव आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाने कोलंबिया शहरातील टायगरप्लेस या ज्येष्ठांच्या निवासात अशा सेन्सरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. रात्री न्हाणीघराच्या फेऱ्या वाढणे, झोप अस्वस्थ होणे, चाल मंदावणे असे बदल मूत्रमार्गाच्या संसर्गासारख्या दुखण्यांची चाहूल आधीच देऊ शकतात, असे तिथे दिसून आले. सेन्सर असलेले रहिवासी तिथे सरासरी १५५७ दिवस राहू शकले, तर सेन्सर नसलेले ९३६ दिवस. याउलट इंग्लंडमध्ये केंट, कॉर्नवॉल आणि न्यूहॅम येथे सुमारे २६०० लोकांचा समावेश असलेल्या मोठ्या चाचणीत, घरात दूरदेखरेखीची साधने बसवूनही बारा महिन्यांत रुग्णालयाची पायरी चढण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. टायगरप्लेसमध्ये आलेली प्रत्येक सूचना पाहून त्या माणसाची चौकशी करणाऱ्या परिचारिका जवळच होत्या, आणि फरक मुख्यतः त्यांच्यामुळे पडला असावा, असे माझे मत आहे. प्रतापनगरात ती जागा कोण घेणार, हे आपल्याला आधी ठरवावे लागेल.

म्हणून प्रथम आईशी सविस्तर बोला. चालत पाच मिनिटांत येऊ शकतील अशी दोन घरे तिच्याच पसंतीने निवडा आणि दोन्ही घरी किल्ली द्या. मुख्य दाराला रात्री आतून कडी न लावता, बाहेरून किल्लीने उघडता येईल असे लॅच बसवा. न्हाणीघराचे दार आत उघडणारे असेल तर ते बाहेर उघडेल असे करून घ्या, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर ते दार अडते आणि मदतीला आलेला माणूस बाहेरच खोळंबतो. कमोडजवळ व नळाजवळ भिंतीत घट्ट बसवलेला दांडा आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, या दोन गोष्टी पडणेच टाळतात आणि त्यांना बॅटरी संपण्याची भीती नसते, किंवा दांड्याला तरी नसते. एवढे झाल्यावर न्हाणीघराचे दार, चहाचे कपाट आणि पलंग अशा तीन ठिकाणी सेन्सर पुरतील. दुकानदाराचा पूर्ण संच घेण्याची घाई नको. आणि प्रसंग आलाच, तर पुण्यातून १०८ किंवा ११२ ला फोन करताना पत्ता नागपूरचा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

प्रश्न : मी एक्क्याऐंशी वर्षांचा निवृत्त शिक्षक असून पत्नीसह धरमपेठेत राहतो. बंगळुरूच्या मुलाने दिवाळीत येऊन बैठकीत आणि झोपण्याच्या खोलीत कॅमेरे लावून दिले. तेव्हापासून पत्नी साडी बदलायलाही न्हाणीघरात जाते आणि दुपारी कूलरसमोर चटई टाकून पडायची तिची सवय सुटली आहे. मुलगा काळजीपोटी करतो हे आम्ही जाणतो. त्याला न दुखावता कसे सांगावे? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : आपण ‘कसे सांगावे’ असे विचारले आहे, ‘सांगावे का’ असे नाही, हे वाचून मला फार बरे वाटले. सांगायलाच हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा त्या प्रकरणातील मुख्य याचिकाकर्ते, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, स्वतः एक्क्याण्णव वर्षांचे होते. तो निर्णय सरकारच्या संदर्भातला होता, मुलाच्या संदर्भातला नव्हे. तरीही वय वाढले म्हणून माणसाचे खासगीपण कमी होत नाही, हे सांगायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कायद्याचा आधार घेऊन मुलाशी वाद घालावा असे मात्र मी सुचवणार नाही, आणि त्यात फारसे हातीही लागणार नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. कॅमेऱ्यातील चित्रण स्वतःच्या सर्व्हरवर साठवणारी कंपनी त्याच्या कक्षेत येते, मुलगा येत नाही. एक गोष्ट मात्र आजच करून घ्या : कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड बदलला आहे का, आणि ॲप उघडताना पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) विचारला जातो का, हे मुलाला तपासायला सांगा. तसे नसेल तर आपली झोपण्याची खोली मुलाखेरीज इतरांनाही दिसू शकते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचेही चित्रण होत असेल, आणि त्यांना ते सांगितले गेले नसेल तर तेही योग्य नाही.

मुलाला आपण पत्र लिहावे, कारण फोनवर अशा गोष्टी लवकर बिघडतात. पत्रात पत्नीची चटईवर पडायची सवय सुटली, हे एकच उदाहरण द्यावे. मुलांना ‘आमचे स्वातंत्र्य’ हा शब्द टोचतो, पण आई दुपारी आडवी होईनाशी झाली आहे हे वाक्य समजते. त्यानंतर त्याला विचारावे की त्याला नक्की कशाची भीती वाटते. बहुतेक मुलांचे उत्तर एकच असते : रात्री कोणी पडले आणि कळलेच नाही तर? त्या भीतीवर झोपण्याच्या खोलीतला कॅमेरा हे उत्तरच नाही, कारण न्हाणीघरात तो नाही आणि नसावाही, आणि रात्रभर जागून चित्रण पाहणारा माणूस बंगळुरूतही नाही. गादीखालची दाब ओळखणारी पट्टी आणि न्हाणीघराच्या दाराचा सेन्सर एकत्र जोडले, तर कोणी पलंगावरून उठून ठरावीक वेळेत परतले नाही एवढेच कळते. कोणी काय नेसले होते ते कळत नाही. आपण दोघे असल्याने ही पट्टी ज्याच्या त्याच्या बाजूला वेगळी असावी.

आणखी एक अट घालावी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सूचना प्रथम आपल्या मोबाइलवर यावी. आपण पाच मिनिटांत ‘सर्व ठीक’ असे कळवले तर ती तिथेच थांबावी, आणि आपले उत्तर आले नाही तरच ती मुलाकडे व शेजाऱ्यांकडे जावी. पुष्कळ प्रणालींत अशी व्यवस्था करता येते, परंतु बसवणारा माणूस आपणहून ती करत नाही, कारण त्याला पैसे मुलगा देत असतो. बैठकीतला कॅमेरा ठेवायचा झाला तर तो मुख्य दाराकडे वळवून, केवळ कोण आले ते पाहण्यापुरता ठेवावा.

प्रश्न : सासूबाईंच्या खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर फेब्रुवारीत बसवला. दोन महिने उत्तम चालला. एप्रिल संपता संपता तो बिघडल्यासारखा वागू लागला. त्या खोलीत फिरत असताना ‘हालचाल नाही’ म्हणतो, आणि त्या देवळात गेलेल्या असताना ‘हालचाल आहे’ म्हणतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन सेन्सर ठीक असल्याचे सांगून गेला. (एक वाचिका, मानेवाडा)

उत्तर : त्या माणसाचे म्हणणे खरे आहे आणि आपले निरीक्षणही खरे आहे. हा सेन्सर प्रकाशात दिसणारी हालचाल पाहत नाही. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरणे, आणि मागच्या भिंतीतून येणारी उष्णता यांतला फरक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकला की तो ‘हालचाल’ असे समजतो. फेब्रुवारीत भिंत गार आणि त्वचा सुमारे तेहतीस-चौतीस अंश, त्यामुळे फरक स्पष्ट असतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा पंचेचाळिशीकडे जातो, पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती त्वचेइतकीच किंवा त्याहून गरम होते. मग सासूबाई त्या भिंतीसमोरून गेल्या तरी सेन्सरला वेगळे काही जाणवत नाही. ही साधने बव्हंशी थंड हवेच्या देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून बनवली जातात, आणि विदर्भातील उन्हाळ्यात ती कशी वागतात हे विकणाऱ्याने तपासलेले नसते.

उलट तक्रारीचे कारण बहुधा कूलर आहे. कूलरच्या गार झोताने हलणारा पडदा आणि झोतागणिक बदलणारे त्याचे तापमान, दोन्ही मिळून सेन्सरला माणसाचा भास होतो. सेन्सरच्या पांढऱ्या घुमटावर पालीचा वावर आहे का, हेही पाहावे. ट्यूबलाइटजवळ बसवलेल्या सेन्सरभोवती किड्यांमागे पाल येते आणि अगदी जवळून सरकणारी पाल त्याला मोठ्या हालचालीसारखी वाटते. सेन्सर तापणाऱ्या भिंतीवरून काढून, खिडकी व कूलर त्याच्या समोर येणार नाहीत अशा कोपऱ्यात, सुमारे सात फुटांवर बसवावा, आणि सासूबाई त्याच्या दिशेने चालत येण्याऐवजी त्याच्यासमोरून आडव्या जातील अशी जागा निवडावी, कारण आडवी हालचाल त्याला चांगली कळते. एवढे करूनही मे महिन्यात त्याच्या ‘हालचाल नाही’ या सूचनेवर एकट्याने विसंबू नये. न्हाणीघराच्या किंवा कपाटाच्या दाराचा सेन्सर जोडीला ठेवावा, त्याला उन्हाने काही फरक पडत नाही.

कोणी आपल्याला रडारवर चालणारा, कॅमेऱ्याविना पडणे ओळखणारा सेन्सर सुचवला, तर घेण्याआधी घरी आणून एक परीक्षा घ्या. तो माणसाची उंची अचानक जमिनीलगत आली यावरून पडण्याचा अंदाज बांधतो. सासूबाई पूजेला पाटावर बसतात, पालेभाजी निवडायला जमिनीवर बसतात, उन्हाळ्यात फरशीवर झोपतात. तशा बसून आणि झोपून दाखवल्यावर त्याने प्रत्येक वेळी पडल्याची सूचना दिली, तर आठवडाभरात घरातले सर्व जण त्या सूचनेकडे दुर्लक्ष करू लागतील आणि खऱ्या प्रसंगीही तेच होईल.

नागपूरच्या घरात मी हालचालीच्या सेन्सरच्याही आधी एक साधा तापमानाचा सेन्सर लावेन. वय वाढले की तहान कमी लागते आणि उकाडा वाढला आहे हेही लवकर जाणवत नाही. वीज गेली, कूलरमधले पाणी संपले किंवा पंप अडकला, तर खोली तापू लागल्याची सूचना आपल्याला मिळते आणि फोन करून पाणी प्यायला सांगता येते, शेजारच्यांना बोलावता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तापमान चाळीस अंशांच्या वर गेल्यावर पंख्याचा उपयोग होत नाही, उलट तो अंग तापवतो. म्हणून सूचनेची मर्यादा त्याच्या पुरेशी खाली, छत्तीसच्या आसपास ठेवावी. आणि इंटरनेटचा राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर वीज गेली की सूचनाही जाते, आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते.

प्रश्न : सेन्सरांविषयी जे काही वाचायला मिळते ते म्हाताऱ्या माणसांविषयी असते. मी चौतीस वर्षांची आहे. अपघातात मणक्याला इजा झाल्याने छातीखालचा भाग हलत नाही. व्हीलचेअर वापरते आणि घरूनच लेखापालाचे काम करते. आई-वडील दोघेही दिवसभर कामावर असतात. मध्यंतरी पलंगावर सरकताना खाली घसरले, फोन टेबलावर राहिला आणि आई येईपर्यंत तशीच होते. आता घरचे सगळीकडे सेन्सर लावू म्हणतात. मी किती वाजता उठले, कोण भेटायला आले, हे सगळे त्यांना दिसणार असेल तर मला ते नको आहे. (एक वाचिका, नंदनवन)

उत्तर : आपली गरज आणि आपला नकार, दोन्ही योग्य आहेत, आणि एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. भारताने २००७ साली मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे बाविसावे कलम खासगीपणाविषयीच आहे, आणि त्याच करारानुसार आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. आपण सज्ञान आहात. साधनांचे खाते आपल्या नावाने, आपल्या मोबाइलवर असावे आणि घरच्यांना काय दिसावे हे आपण ठरवावे. यात तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला दिनक्रमाची नोंद ठेवणाऱ्या सेन्सरांची गरजच दिसत नाही. आपल्याला गरज आहे ती जमिनीवरून हाक देता येण्याची. एक बटण व्हीलचेअरच्या हातावर आणि दुसरे पलंगाच्या पायाला, फरशीपासून वीतभर उंचीवर बांधून घ्यावे. आवाजावर चालणारा स्पीकर वापरणार असाल तर प्रत्यक्ष फरशीवर आडवे होऊन, पंखा व कूलर चालू असताना, आपल्याच बोलीत हाक देऊन पाहावे. बसून दिलेली हाक त्याला कळली म्हणून आडवे पडून दिलेली कळेलच असे नाही. आईकडे फक्त ‘मदत हवी’ एवढा निरोप जावा आणि दाराची किल्ली शेजारी असावी.

आपल्या इजेच्या पातळीमुळे दोन गोष्टी मात्र आग्रहाने सांगते. छातीच्या पातळीवर व त्याहून वर मणक्याला इजा असलेल्या व्यक्तींना इजेखालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर थंड होऊ शकत नाही. वर मानेवाड्याच्या वाचिकेला सांगितलेला तापमानाचा सेन्सर आपल्यालाही तितकाच उपयोगी आहे. दुसरे असे की, छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर मूत्राशय तुंबणे, कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, पीळ पडणे, पोट साफ नसणे अशा कारणांनी रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम येणे ही त्याची लक्षणे आहेत. घरातला कोणताही सेन्सर हे ओळखत नाही. अशा वेळी ताठ बसावे, अंगावरचे घट्ट कपडे व पट्टे सैल करावेत, कॅथेटर तपासावा आणि लगेच मदत बोलवावी. आई-वडिलांना आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्यांनाही हे लिहून द्यावे. त्वचेवर दाब येऊ नये म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगाचा भार हलवण्याची आठवण देणाऱ्या महागड्या गाद्या मिळतात, पण तेवढ्यासाठी मोबाइलचा साधा गजर पुरतो.

प्रश्न : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. महालातील आमच्या जुन्या घराचे दार रात्री उघडून ते दोनदा बाहेर निघून गेले. बाहेरून कुलूप लावावे का? (एक वाचक, महाल)

उत्तर : बाहेरून कुलूप लावू नये. आग लागली किंवा गॅस गळला तर ते आत अडकतील, आणि दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांची अस्वस्थता वाढेल ती वेगळीच. दाराला सेन्सर लावावा, पण त्याची सूचना मोबाइलवर न पाठवता आपण झोपता त्या खोलीत वाजणारी घंटा जोडावी. मोबाइल रात्री आवाज बंद करून ठेवला जातो, घंटा ऐकू येते. दाराशी मोठा आवाज होऊ देऊ नये, त्याने ते बिचकतील.

ते का उठतात हेही पाहावे. पुष्कळदा अशी माणसे संडास शोधत निघतात आणि जुन्या घरात तो मागच्या अंगणात असतो. पलंगावरून दिसेल असा दिवा आणि संडासाच्या दारावर ठळक चित्र लावल्याने काही घरांत रात्रीचे बाहेर जाणे खूप कमी झालेले मी पाहिले आहे. सदऱ्याच्या आत नाव व आपला फोन क्रमांक शिवून ठेवावा. गॅस गळतीचा सेन्सर घेणार असाल तर तो जमिनीपासून साधारण फूटभरावर लावावा, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. तो छताजवळ लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ज्यांच्या घरी हे दुखणे नुकतेच लक्षात आले आहे, त्यांनी कोणती साधने चालतील आणि कोणती नकोत हे त्या माणसालाच आत्ता विचारून लिहून ठेवावे. पुढे विचारता येणार नाही.

प्रश्न : अशा सेन्सरांसाठी सरकारी मदत मिळते का? (एक वाचिका, हिंगणा)

उत्तर : सेन्सरांसाठी थेट मिळत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या, कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या नागरिकांना सहायक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये बँक खात्यात जमा होतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशी साधने त्यात येतात. आपल्या पत्रावरून सासरे रात्री संडासासाठी अंगणातून जातात असे दिसते. तेव्हा ही रक्कम मिळाल्यास प्रथम पलंगाजवळ ठेवायची कमोड खुर्ची घ्यावी, सेन्सरचा विचार नंतर करावा. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात विनाशुल्क माहिती मिळते. अर्ज करताना आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक सोबत न्यावे.